प्रतीची प्रत करण्याआधी

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. घरात पन्नास-साठ व्हिडिओ फाइली पडल्यात, जुन्या डीव्हीडीवरच्या, कॅमेऱ्यातल्या. मोबाइलवर चालत नाहीत. सगळ्या एकदम कशा बदलायच्या?

झरीत काय किंवा परभणीत काय, या फाइलींत असतं ते लग्न, सप्ताहातलं कीर्तन, शाळेचं गॅदरिंग. त्यात बोलणारी कितीतरी माणसं आज नाहीत. म्हणून घाई नको.

आधी ‘बदलणं’ म्हणजे काय ते पाहू. व्हिडिओ फाइल म्हणजे डबा आणि त्यातला पदार्थ. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावं. एमपेग-२, एच.२६४ ही आतला पदार्थ रांधण्याची पद्धत. नुसता डबा बदलला तर चित्राला धक्का लागत नाही. एफएफएमपेग हा मोफत प्रोग्रॅम ते काम पटकन करतो. पण पदार्थ पुन्हा रांधायचा तर डोळ्याला सहसा जाणवत नाही असा तपशील टाकून दिला जातो, आणि टाकलेलं परत येत नाही. त्या प्रतीवरून पुन्हा प्रत केली की आणखी थोडं जातं.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती होत गेल्या तसे पाठ बिघडत गेले. शेवटी पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथांपुढे ताडून पाहायला प्रती तरी होत्या. आपल्या घरच्या लग्नाची डीव्हीडी एकच असते. तेव्हा रूपांतर नेहमी मूळ फाइलीवरून करायचं, आणि मूळ फाइल पुसायची नाही.

आता साधन. हँडब्रेक, मोफत आणि मुक्त. एरिक पेती यांनी २००३ साली सुरू केलं. हे चित्र प्रत्येक वेळी नव्यानंच रांधतं, नुसता डबा बदलून देत नाही, हे ध्यानात ठेवा. आधी सेटिंगमध्ये नवीन फाइलींसाठी वेगळा फोल्डर द्या आणि नावं आपोआप पडतील असं करा. मग एक फाइल उघडण्याऐवजी अख्खा फोल्डर उघडा, प्रीसेट निवडा, सगळ्या रांगेत घाला. पण रांग सुरू करण्याआधी एकच फाइल, तीही दोन मिनिटांची, करून बघा. साठ फाइलींची चूक साठपट असते.

त्या चाचणीत काय बघायचं? गुणवत्तेचा आकडा उलटा चालतो: लहान आकडा, चांगलं चित्र, मोठी फाइल. डीव्हीडीसाठी २० च्या आसपास ठेवा. डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. ते ताणून १०८० केलं तर फाइल फुगते, चेहरा स्पष्ट होत नाही. हललेल्या हाताभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर डीइंटरलेसचा फिल्टर लावा. जुन्या कॅमेऱ्यात एक चित्र दोन हप्त्यांत, आधी विषम ओळी मग सम ओळी, असं टिपलं जायचं, त्याचा हा परिणाम.

रांग रात्रभर चालते आणि आपल्याकडे वीज कधीही जाते. एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते, म्हणून मध्येच तुटलेली फाइल उघडतच नाही. एमकेव्ही तुटली तरी बहुधा तिथपर्यंत दिसते. सकाळी प्रत्येक फाइलीची लांबी मुळाशी ताडा, आणि सुरुवात, मध्य, शेवट पाहा. शेवटाकडे ओठ आणि आवाज जुळतात ना, ते मुद्दाम बघा.

एच.२६५ घ्यावं का, असंही विचारलंय. फाइल आणखी लहान होते, खरं. पण जुन्या टीव्हीवर, स्वस्त मोबाइलवर ती चालेलच असं नाही. नातेवाइकांना पाठवायची असेल तर एच.२६४ च बरं.