६७ गोल आणि एक गॅरेज : आर्ची स्टार्कची गोष्ट

मागच्या वेळी प्रश्न आला होता की अमेरिकेत फुटबॉल, म्हणजे त्यांच्या भाषेत सॉकर, कधी रुजलाच नाही का? पेले १९७५ साली न्यूयॉर्कला गेला तेव्हाच तिथे हा खेळ पोचला, असा आपला समज असतो. आज मी एका माणसाच्या आयुष्यावरून या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. त्याचं नाव आर्ची स्टार्क.

आधी एक आकडा सांगतो, ६७. १९२४-२५च्या हंगामात अमेरिकन सॉकर लीगमध्ये ४४ सामन्यांच्या वेळापत्रकात स्टार्कने ६७ गोल केले. तुलना करायची तर इंग्लंडमध्ये एव्हर्टनच्या डिक्सी डीनने १९२७-२८ मध्ये ६० गोल केले. तो विक्रम आजही तिथे अभिमानाने सांगतात. स्टार्कने तीन वर्षं आधीच त्याहून सात गोल जास्त केले होते.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतली लीग, बचाव कच्चा असेल. तर जरा ऑफसाइडचा नियम बघू. १९२५च्या उन्हाळ्यापर्यंत नियम असा होता, की पास दिला जातो त्या क्षणी आक्रमक खेळाडू आणि समोरची गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू हवेत. त्यातला एक बहुधा गोलकीपर. म्हणजे दोन बचावपटूंपैकी एकजण जरी वेळेवर पुढे सरकला, तरी आक्रमक अडकलाच. जून १९२५ मध्ये हे तीन होते ते दोन झाले. परिणाम काय झाला? इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये एका हंगामात ११९२ गोल झाले होते, ते पुढच्याच हंगामात १७०३ झाले. डिक्सी डीनचे ६० गोल नव्या, सोप्या नियमातले आहेत. स्टार्कचे ६७ जुन्या, अवघड नियमातले.

मग हा माणूस आला कुठून? जन्म ग्लासगोचा, १८९७. तेराव्या वर्षी तो घरच्यांबरोबर अमेरिकेत आला आणि न्यू जर्सीतल्या कर्नी या गावात वाढला. कर्नीच का? कारण पेझलीच्या क्लार्क कंपनीने १८७०च्या दशकात तिथे शिलाईच्या दोऱ्याची गिरणी उभी केली होती. गिरणीबरोबर स्कॉटिश कामगार आले आणि त्यांच्याबरोबर फुटबॉल आला. १८८५ साली पहिला अमेरिकन कप जिंकला, तो याच गिरणीच्या संघाने.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्टार्क हा बाहेरून आणलेला तयार खेळाडू नव्हता. तेराव्या वर्षी आलेला मुलगा जो मोठा खेळ शिकला, तो कर्नीच्या मैदानांवर. तिथल्याच संघातून तो पुढे आला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातून फ्रान्सला जाऊन आला. १९२१ मध्ये अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या संघातून तीन हंगाम खेळला. आणि १९२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम स्टीलकडे गेला.

बेथलेहेम स्टील म्हणजे पोलाद कारखान्याचा संघ. कंपनीतले वरिष्ठ अधिकारी होरेस एडगर लुईस मूळचे वेल्सचे, खेळाचं वेड असलेले. संघामागे कारखान्याचा पैसा होता. अशा कंपन्यांच्या जोरावर ही लीग इतकी सधन झाली, की स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू इकडे यायला लागले. युरोपातल्या संघटनांची ओरड १९२७ साली फिफाच्या बैठकीपर्यंत गेली, की अमेरिकन क्लब आमचे खेळाडू पळवतात. आज नेमकं उलट आहे, नाही का?

बरं, ६७ गोल करून स्टार्कच्या संघाने लीग जिंकली का? नाही! त्या वर्षी विजेतेपद फॉल रिव्हरने नेलं, बेथलेहेम दुसरं. पुढे १९२६ मध्ये बेथलेहेमने अंतिम सामन्यात सेंट लुईसच्या बेन मिलर्सला ७-२ असं हरवून राष्ट्रीय चषक मिळवला आणि १९२६-२७ मध्ये लीगही जिंकली. अमेरिकेकडून स्टार्क फक्त दोन सामने खेळला, दोन्ही १९२५ मध्ये कॅनडाविरुद्ध. त्यातला दुसरा ब्रुकलिनमध्ये अमेरिकेने ६-१ जिंकला आणि त्यातले बहुतेक गोल एकट्या स्टार्कचे.

मग हे सगळं बुडालं कसं? पहिलं कारण भांडण. १९२८ मध्ये लीगने आपल्या क्लबना सांगितलं, राष्ट्रीय चषकात खेळू नका. बेथलेहेमसह तीन क्लबनी ऐकलं नाही. लीगने त्यांना निलंबित केलं. राष्ट्रीय संघटनेने उलट लीगलाच बेकायदा ठरवलं. बाहेर पडलेल्या क्लबना घेऊन दुसरी लीग निघाली आणि प्रेक्षक विभागले गेले. भांडण मिटेपर्यंत १९२९चा ऑक्टोबर आला आणि शेअर बाजार कोसळला. हे दुसरं कारण. कंपन्यांना मंदीत फुटबॉल परवडेना. १९३० मध्ये बेथलेहेमचा संघ बंद झाला. ज्या पैशाने संघ उभा केला, तोच आटल्यावर प्रेक्षकांच्या तिकिटांवर तो तगू शकला नाही.

त्याच वर्षी उरुग्वेत पहिला विश्वचषक होता. स्टार्कला बोलावणं आलं होतं. त्याने नकार दिला, कारण मोटार दुरुस्तीचा धंदा तो नुकताच सुरू करत होता. आज आपल्याला हे वेडेपणाचं वाटेल. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. वय बत्तीस, क्लब बुडालेला, पुढे खेळाचे पैसे मिळतील याची खात्री नाही. आणि विश्वचषक ही तेव्हा एक नवी, लांबच्या बोटीच्या प्रवासाची स्पर्धा होती. पेन्शन नव्हतं, विमा नव्हता. व्यावसायिक खेळाडू हा शेवटी हातावर पोट असलेला कामगारच होता.

त्याच्याशिवाय गेलेला संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. त्या संघात सहाजण ब्रिटनमध्ये जन्मलेले होते, म्हणून पुढे कित्येक वर्षं म्हटलं गेलं, की हे तर ब्रिटनचे भाडोत्री खेळाडू. खरं म्हणजे त्यातले बहुतेक स्टार्कसारखेच, पोरवयात येऊन अमेरिकेत खेळाडू झालेले. आडनाव आणि जन्मगाव बघून माणूस कुठला ते ठरवायचं, की तो घडला कुठे ते बघून? स्थलांतरितांच्या बाबतीत हा प्रश्न दर पिढीत नव्याने येतो.

तेव्हा, खेळ रुजला नाही का, याचं माझं उत्तर असं : खेळ रुजला होता, लीग रुजली नाही. स्टार्क १९८५ मध्ये कर्नीतच वारला. १९९० मध्ये चाळीस वर्षांनी अमेरिका पुन्हा विश्वचषकात उतरली, तेव्हा संघात याच परिसरात वाढलेले तिघे होते : स्कॉटिश घरातला जॉन हार्क्स, इटालियन घरातला टोनी मिओला आणि उरुग्वेत जन्मलेला टॅब रॅमोस. गिरणीतला दोरा केव्हाच संपला होता, मैदानं चालू होती.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.