घरची ई-सायकल ५०च्या वेगाने पळेल का? मोटर, गिअर आणि घाटाचे गणित

छत्रपती संभाजीनगर : जुनी सायकल, ऑनलाइन मागवलेले मोटरचे किट, लेथवर करून घेतलेली लोखंडी पट्टी आणि कॅरिअरवर बांधलेली बॅटरी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहतींच्या या शहरात घरी ई-सायकल तयार करणे फार अवघड नाही. ती धावू लागली की लगेच पुढचा प्रश्न येतो : वेग ५०पर्यंत कसा न्यायचा? 'गिअर बदल' हे उत्तर सर्रास मिळते. गणित तिथेच चुकते.

खरा विरोधक वारा

स्वार, सायकल आणि बॅटरी मिळून ११० किलो वजन धरू. रस्ता सपाट, स्वार सरळ बसलेला. ताशी २५ किलोमीटरला चाकापाशी साधारण १८० वॉट लागतात. वेग दुप्पट, म्हणजे ५० केला की हा आकडा १,१००च्या आसपास जातो. दुप्पट वेगाला सहापट ताकद! कारण वेग दुप्पट झाला की वारा कापायला लागणारी ताकद आठपट होते. टायरच्या घर्षणाची फक्त दुप्पट.

आता दौलताबादहून खुलताबादकडे चढणारा घाट घ्या. १०० मीटरला ६ मीटर चढ आणि ताशी १५चा वेग धरला, तर सायकल पुढे ढकलायला सुमारे ८ किलोचा जोर लागतो. गंमत म्हणजे सपाटीवर ५०ने जायलाही जवळपास तेवढाच जोर लागतो. पण घाटातले काम साधारण ३३० वॉटमध्ये होते आणि सपाटीवरचे १,१०० वॉटमध्ये. गिअर जोर वाढवून देतो, वॉट वाढवून देत नाही. म्हणून २५० वॉटची मोटर योग्य गिअर आणि थोडे पायडल यांच्या मदतीने घाट चढू शकते, पण जालना रोडवर ५० गाठू शकत नाही.

दात मोजा, मग मोटर घ्या

प्रोजेक्टसाठी हमखास घेतली जाणारी २४ व्होल्ट, २५० वॉटची 'एमवाय १०१६ झेड' प्रकारची मोटर पाहा. तिच्या आतच गिअरचा डबा असतो. बाहेरचे ९ दातांचे चक्र मिनिटाला साधारण ३०० फेरे घेते. मागे १८ दातांचे फ्रीव्हील असेल तर चाकाचे फेरे १५०. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर. म्हणजे वेग झाला ताशी १८-१९ किलोमीटर. फ्रीव्हील १४ दातांचे लावले की तो २४वर जातो, पण चाकावरचा जोर २२ टक्के घटतो. सपाटीवर हे चालते. घाटात मोटर धापा टाकते. ५०साठी मागे जेमतेम ७ दात हवेत. ते बसवले तरी मोटरकडे तेवढे वॉटच नाहीत.

मग दुसरा जुगाड येतो : २४ व्होल्टच्या मोटरला ३६ व्होल्ट. फेरे दीडपट होतात हे खरे. पण वेग वाढला की वाऱ्याचा दाब वाढतो, मोटर जास्त करंट ओढते आणि करंट दुप्पट झाला की तारांमधली उष्णता चौपट होते. मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या दुपारी हा प्रयोग न केलेला बरा.

चाकातच बसणाऱ्या हब मोटरचे दोन प्रकार आहेत. गिअर नसलेली मोटर जड, पण जवळपास बिनआवाजी असते. तिचा वेग वाइंडिंग आणि व्होल्टेजवर ठरतो. घाटात ती संथ फिरते आणि गरम होते. गिअर असलेली हब मोटर हलकी असते आणि चढावर बरी, मात्र आतले नायलॉनचे गिअर झिजतात. पायडलपाशी बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर सायकलचेच मागचे गिअर वापरते. घाटासाठी तिच्यासारखी दुसरी नाही; किंमत आणि वारंवार बदलावी लागणारी चेन सोडली तर.

वाळूजपर्यंत तरी पोहोचेल?

३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास असतात. मोटरमध्ये वीस टक्के वाया जाते असे धरले, तर २५ने सुमारे ४० किलोमीटर मिळतात. ५०ने? तेरा. शहरातून वाळूज एमआयडीसी गाठता गाठताच बॅटरी संपेल, परतीचे सोडाच. शिवाय त्या वेगाला बॅटरीतून ३७ अँपिअरहून जास्त करंट ओढावा लागेल. साध्या पॅकचे संरक्षक सर्किट त्याआधीच पुरवठा तोडते. ते काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. लिथियम बॅटरी पेटण्याचा धोका असतो.

कायद्याची रेषा

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग २५पेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच अशी गाडी 'मोटार वाहन' ठरत नाही. ती रेषा ओलांडली की नोंदणी, लायसन्स, विमा, हेल्मेट सगळे लागू होते. आणि घरी बनवलेल्या सायकलची नोंदणी होणार कशी? त्यासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते. ती उत्पादकाच्या मॉडेलला मिळते. अंगणात जोडलेल्या एकट्या सायकलला ती मिळवणे जवळपास अशक्य. मे २०२२मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने क्षमता वाढवलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीमही घेतली होती.

दंड भरता येतो. अपघातात समोरच्याला इजा झाली तर विम्याविना भरपाई खिशातून द्यावी लागते. चालवणारा अल्पवयीन असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ब्रेकचा हिशेब तर राहिलाच. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक उत्तम असताना, २५ला ब्रेक दाबल्यापासून थांबायला साधारण ६ मीटर लागतात, ५०ला २४. सायकलचे साधे रिम ब्रेक आणि पुढचा फोर्क या वेगासाठी बनवलेलेच नसतात. मोटरच्या किटमध्ये बहुधा ब्रेक येत नाहीत. ते वेगळे घ्यावे लागतात, आणि मोटरच्या आधी.