आधी पंचांग, मग तिकीट

सहल ठरवायची म्हटली की आपण आधी रजा पाहतो, मग मुलांच्या परीक्षा आणि शेवटी रेल्वेचे आरक्षण. जामनगरचे सागरी राष्ट्रीय उद्यान पाहायचे असेल, तर त्याआधी तिथी पाहावी लागते. ती चुकली तर एवढा प्रवास करून नुसते पाणीच पाहून परतायची वेळ येते.

कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर १९८२ साली हे उद्यान जाहीर झाले. देशातले हे पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. ४२ बेटे, तिवरांची वने आणि प्रवाळाचे खडक असा त्याचा पसारा. पूर्वी इथली प्रवाळमिश्रित वाळू सिमेंटसाठी चक्क उपसली जात असे! एरवी प्रवाळ पाहायचे तर पाण्यात बुडी मारावी लागते. इथे मात्र ओहोटीला समुद्र दूरवर मागे सरतो आणि पोहता न येणारा माणूसही घोटाभर पाण्यातून चालत प्रवाळापाशी पोचतो. मेंदूच्या वळ्यांसारखे प्रवाळ, समुद्रफुले, खेकडे आणि नशीब असेल तर दगडाखाली दडलेला ऑक्टोपस!

अडचण अशी की सगळ्याच ओहोट्या सारख्या नसतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची ओहोटी असते. ती साधारण दुपारी येते, म्हणजे सहलीला सोयीची. पण पाणी फारसे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी सर्वांत खाली जाते आणि ओहोटी सकाळी येते. हेच दिवस आपले. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब मात्र इथे नेऊ नये. आखातात पाणी उशिरा चढते. तिथीवरून दिवस निवडावा, घड्याळासाठी भरती-ओहोटीचा छापील तक्ताच पाहावा.

ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. त्यात दिवाळी आपल्या पथ्यावर पडते, कारण लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे भाऊबीज आटोपून निघाले की उधाण हाती लागते. पण त्याच दिवसांत सारा गुजरातही फिरायला बाहेर पडतो. गर्दीचा कंटाळा असेल त्यांनी त्रिपुरी किंवा दत्तजयंतीची पौर्णिमा धरावी. मुंबईहून सौराष्ट्र मेल थेट जामनगरला जाते. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तेव्हा तिथी त्यापूर्वीच ठरलेली बरी.

कुटुंबासाठी नरारा सर्वांत सोयीचे. जामनगरहून मोटारीने साधारण ६० किलोमीटर, होडी लागत नाही. पिरोटन बेटाचे नाव पुष्कळ ऐकू येते, पण तिथे होडी आणि खास परवानगी, दोन्ही लागतात; वन खात्याकडे चौकशी केल्याशिवाय त्याच्या भरवशावर बेत आखू नये. नराराचा परवानाही वन खात्याचाच. ओळखपत्रे जवळ ठेवावीत आणि वाटाड्या घ्यावाच. खडक निसरडे असतात, चपला चालत नाहीत. जुने कॅन्व्हसचे बूट उत्तम. गुडघे दुखणाऱ्या मंडळींनी किनाऱ्यावर थांबण्यात कमीपणा मानू नये. ओहोटीच्या वेळेच्या तास-दीड तास आधी उतरावे म्हणजे पाण्याच्या मागे मागे जाता येते. वाटाड्या ‘चला’ म्हणाला की निघायचे. सपाट किनाऱ्यावर पाणी खोलगट जागांतून आपल्या पाठीमागेही भरत येते.

प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते जिवंत आहे. त्यावर पाय पडला की तेवढा भाग मरू शकतो आणि पुन्हा वाढायला वर्षे लागतात. पफर मासा हातात घेऊन फुगवून दाखवण्याचा आग्रह मुले हमखास धरतात. त्या माशासाठी तो जिवावरचा प्रसंग असतो. वाटाड्याने आपण होऊन दाखवू म्हटले तरी नको म्हणावे.

दुपार उरतेच. जामनगरपासून दहा-बारा किलोमीटरवर खिजडिया पक्षी अभयारण्य आहे. बांधाच्या एका बाजूला गोडे पाणी, दुसऱ्या बाजूला खारे, आणि हिवाळ्यात दोन्हीकडे पाहुणे पक्षी. दुर्बीण एकच असेल तर पाळ्या आधीच लावून टाकाव्यात.