न्हाणी का तुंबते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपुरात जटपुरा गेट ते पठाणपुरा गेट या गोंडकालीन परकोटाच्या आत जुनी घरं दाटीनं उभी आहेत. अशा जुन्या घरांत न्हाणीचं पाणी फरशीच्या उतारावरून बाहेरच्या नालीत किंवा परसातल्या केळीच्या आळ्यात जायचं. पाइप, ट्रॅप, चेंबर हे सगळं मागाहून बसवलं गेलं, तेही जागा मिळेल तसं. कुठे उतार कमी, कुठे वळणं जास्त. पाणी तुंबलं की ऐकीव उपाय सुरू होतात; त्यातले काही निरुपयोगी आहेत, काही जिवावर बेतणारे.

गैरसमज: उकळतं पाणी ओतलं की सगळं विरघळतं.

वस्तुस्थिती: न्हाणीत मुख्यतः केस अडकतात आणि ते उकळत्या पाण्यानं विरघळत नाहीत. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतं. शिकेकाई आणि उटण्याचा चोथा त्यातच बसतो. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणून थंडीत त्रास वाढतो. पण तेल पातळ करायला गरम पाणी पुरे. उकळत्या पाण्यानं पीव्हीसी पाइप मऊ पडतो, सांधे सुटू शकतात.

गैरसमज: खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस पाइप मोकळा करतो.

वस्तुस्थिती: फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. दोन्ही पदार्थ एकमेकांना निष्प्रभ करतात, वायू जाळीतून वर निघून जातो आणि केसांचा गोळा जागच्या जागी राहतो.

गैरसमज: ॲसिड टाकलं की काम फत्ते.

वस्तुस्थिती: फरशी धुण्याचं ॲसिड केस गाळत नाही, सिमेंटचे सांधे आणि बिडाचा पाइप मात्र खातं. ब्लीचिंग पावडरशी त्याचा संपर्क आला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. कॉस्टिक सोडा केस गाळतो, पण पाण्यात पडताच प्रचंड तापतो. त्यावर ॲसिड ओतलं तर मिश्रण उसळून तोंडावर येतं.

गैरसमज: बांबूची कमची खुपसली की रस्ता मोकळा होतो.

वस्तुस्थिती: शेजारच्या गडचिरोलीत बांबूला तोटा नाही, त्यामुळे कमची चटकन हाताशी येते. पण ती गोळा पुढे ढकलते, कधी वळणावर मोडून आतच राहते. बहुतेक वेळा अडथळा जाळीपासून हातभर अंतरावर, ट्रॅपमध्येच असतो. रबरी हातमोजे घालून जाळी उचलावी, खालची वाटी निघत असेल तर काढावी आणि तारेच्या आकड्यानं गोळा वर ओढावा. काळपट, बुळबुळीत, दोरीसारखी केसांची लड बाहेर येते. तरीही पाणी थांबत असेल तर त्याच पाइपला जोडलेली इतर तोंडं ओल्या कापडानं बंद करून प्लंजर मारावा.

गैरसमज: दुर्गंधी आली म्हणजे पाइप तुंबला.

वस्तुस्थिती: ट्रॅपच्या वाकड्या भागात थोडं पाणी कायम साठलेलं असतं. तेच नालीतला वायू आणि झुरळं अडवतं. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं १७७५ मध्ये शौचकूपासाठी अशाच पाणी धरणाऱ्या वळणाचं पेटंट घेतलं होतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. घर काही आठवडे बंद राहिलं की हे पाणी आटतं आणि वास घरात शिरतो. तांब्याभर पाणी ओतलं की वास थांबतो.

गैरसमज: घरभर पाणी तुंबलं तर माणूस टाकीत उतरवावा.

वस्तुस्थिती: न्हाणी, मोरी आणि संडास एकदमच तुंबले तर अडथळा चेंबरमध्ये किंवा पुढे असतो. जुन्या मातीच्या पाइपांच्या सांध्यांतून पिंपळाची मुळं आत शिरतात. पण सेप्टिक टँकमधल्या हायड्रोजन सल्फाइडनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि वाचवायला उतरलेलाही दगावतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपयांची भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. म्हणून टाकी भरली असेल तर यंत्रानं उपसा करणारी गाडीच बोलवावी आणि ती येईपर्यंत झाकणाजवळ मुलांना फिरकू देऊ नये.