विश्लेषण : सेवा केंद्रासाठी लॅपटॉप घेताय? प्रोसेसरच्या आधी कीबोर्ड, स्क्रीन आणि बिजागरी तपासा

बीडहून धाराशिवकडे निघालं, की मांजरसुंबा मागे पडल्यावर सोलापूर-धुळे महामार्गावर चौसाळा लागतं. अशा बाजारपेठेच्या गावातलं कोणतंही ऑनलाइन सेवा केंद्र डोळ्यांपुढे आणा. रस्त्याकडे तोंड केलेलं शटर, एक टेबल, त्यावर लॅपटॉप, शेजारी प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं छोटं यंत्र आणि समोर सातबारा, पासबुक घेऊन उभी असलेली माणसं.

खरीप पीक विम्याची मुदत साधारणपणे जुलैअखेर संपते. त्या शेवटच्या दोन दिवसांत लॅपटॉप बंद पडला, तर नुकसान फक्त केंद्रचालकाचं होत नाही. ज्याचा अर्ज राहिला, त्याचं त्या हंगामाचं विमा संरक्षणही जातं.

तरीही लॅपटॉप घेताना आपण विचारतो ते दोनच प्रश्न : प्रोसेसर कोणता आणि रॅम किती? सरकारी पोर्टल, पीडीएफ, स्कॅनिंग आणि प्रिंट या कामांना गेल्या काही वर्षांतला कोणताही आय५ किंवा रायझन ५ प्रोसेसर, ८ ते १६ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते. फरक पडतो तो लॅपटॉपच्या बांधणीत. म्हणूनच मध्यम आकाराचा, म्हणजे १४ इंची बिझनेस लॅपटॉप रोजच्या कामाला कसा पडतो, ते या टेबलावरून पाहू.

बिझनेस लॅपटॉप म्हणजे वेगळं काय?

लेनोवोचा थिंकपॅड, एचपीचा एलिटबुक आणि प्रोबुक, डेलचा लॅटिट्यूड ही यातली ओळखीची नावं. थिंकपॅड १९९२ मध्ये आयबीएमने आणला आणि २००५ मध्ये तो लेनोवोकडे गेला. डेलने २०२५ पासून लॅटिट्यूडऐवजी 'डेल प्रो' हे नाव आणलं आहे.

हे लॅपटॉप कंपन्या शेकड्याने विकत घेतात, तीन-चार वर्षं रोज आठ-दहा तास वापरतात आणि बिघडले तर आपल्याच माणसाकडून उघडून घेतात. त्यामुळे त्यांच्या रचनेत चकाकीपेक्षा कीबोर्ड, बिजागरी, पोर्ट आणि सुटे भाग यांवर जास्त खर्च केलेला असतो. त्याच किमतीच्या घरगुती लॅपटॉपमध्ये प्रोसेसर किंवा ग्राफिक्स अनेकदा सरस मिळतं. त्यामुळे गेम खेळायचे, व्हिडिओ एडिट करायचे असतील तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही.

बिजागरीचं महत्त्व मला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी कळलं. आकडे बघून घेतलेल्या माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर उत्तम होता, पण डाव्या बाजूचा हिंज प्लास्टिकसकट उखडला. सबमिशनचे अकरा दिवस मी मित्राच्या लॅपटॉपवर काढले.

१४ इंच की १५.६ इंच?

१४ इंची बिझनेस लॅपटॉपचं वजन साधारण दीड किलोच्या आसपास असतं. टेबलावर प्रिंटर आणि कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये तो सहज बसतो, आणि गावात शिबिर असेल तर पिशवीत टाकून दुचाकीवर नेता येतो.

अडचण एकच, पण मोठी. १४ इंचात उजवीकडची वेगळी आकड्यांची बटणं, म्हणजे नमपॅड, सहसा नसतो. एका अर्जात आधारचे १२ आकडे, मोबाइलचे १०, शिवाय खाते क्रमांक, गट क्रमांक, क्षेत्र. दिवसाला असे चाळीस अर्ज भरायचे तर वरच्या ओळीतल्या आकड्यांवर हात फिरवून बोटं दुखतात. यावर स्वस्तातला उपाय म्हणजे यूएसबीने जोडायचा वेगळा नमपॅड. लॅपटॉप कधीच जागचा हलणार नसेल, तर सरळ १५.६ किंवा १६ इंची घ्या.

कीबोर्ड : दिवसभराचं खरं अवजार

इंग्रजी टायपिंग कोणत्याही कीबोर्डवर जमतं. मराठीचं तसं नाही. सरकारमान्य इनस्क्रिप्ट मांडणीत 'च' सेमीकोलनच्या बटणावर येतो, 'ट' त्याच्या शेजारच्या अपॉस्ट्रॉफीवर, 'ड' चौकोनी कंसावर आणि 'य' स्लॅशवर. हे सगळे उजव्या कडेचे. अनेक लॅपटॉपमध्ये जागा वाचवण्यासाठी नेमकी याच कडेची बटणं अरुंद केलेली असतात, विशेषतः नमपॅड दाटीवाटीने बसवला असेल तर. इंग्रजीत ती क्वचित लागतात, म्हणून परीक्षणात कोणी त्याबद्दल बोलत नाही. मराठीत मात्र दर ओळीला लागतात.

दुकानात विंडोजचा मराठी कीबोर्ड सुरू करा आणि एकच ओळ टाइप करा : 'चौसाळा, येळंबघाट, ता. जि. बीड'. या ओळीत चारही अक्षरं येतात. बोट दोनदा घसरलं, तर तो कीबोर्ड तुमच्यासाठी नाही. फोनेटिक पद्धतीने टाइप करणाऱ्यांना हा त्रास कमी होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बटण किती खाली जातं. दीड मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर बोटाला 'दाबलं गेलं' हे कळतं आणि आकडा दोनदा पडत नाही. खाते क्रमांकातला एक चुकीचा आकडा म्हणजे भरपाई अडकण्याचं कारण, हे विसरू नका.

बऱ्याच बिझनेस लॅपटॉपचा कीबोर्ड थोडंफार पाणी किंवा चहा सांडला तरी तग धरेल असा असतो. थिंकपॅडच्या काही मॉडेलमध्ये तर ते खाली वाहून जायला वाटही केलेली असते. पण याचा अर्थ लॅपटॉप वॉटरप्रूफ आहे असा नाही. चहा सांडला तर आधी चार्जर काढा, लगेच बंद करा आणि सुकेपर्यंत चालू करू नका.

स्क्रीन : शटरमधून येणारं ऊन आणि शेजारी उभा शेतकरी

स्क्रीनचा प्रकाश 'निट्स'मध्ये मोजतात. अनेक बिझनेस लॅपटॉपचं इथेच हसं होतं. महागड्या मॉडेलच्या साध्या प्रकारातही २५० निट्सचीच स्क्रीन मिळते. आतल्या खोलीत ती पुरते, पण उघड्या शटरसमोर दुपारी पुरत नाही. तिथे ३०० च्या वर, जमलं तर ४०० निट्स पाहा. स्क्रीन चकचकीत नसून मॅट हवी, नाहीतर अर्जापेक्षा रस्त्यावरची वाहनंच जास्त दिसतील.

त्याहून महत्त्वाचा आहे पाहण्याचा कोन. अर्ज भरून झाला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आपण म्हणतो, 'काका, नाव बरोबर आहे का बघा.' स्वस्त टीएन पॅनेलवर वरून किंवा बाजूने पाहिलं की रंग उलटे होतात आणि अक्षरं पुसट दिसतात. काका मान हलवतात आणि चूक तशीच पुढे जाते. आयपीएस पॅनेलवर बाजूनेही नीट दिसतं. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही पॅनेल विकली जातात, त्यामुळे नावावर जाऊ नका. उभं राहून, बाजूने स्वतः पाहा.

नव्या मॉडेलमध्ये स्क्रीन १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० पिक्सेलची येते. उंचीला सुमारे ११ टक्के जास्त जागा मिळते, म्हणजे लांब अर्जात वरखाली जाणं तेवढं कमी होतं.

वीज गेली तर?

जाहिरातीतले '१० तास' मंद प्रकाशात, हलक्या कामावर मोजलेले असतात. त्याऐवजी बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये पाहा. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि सरासरी १० वॉटचा वापर असेल, तर साधारण पाच तास मिळतात.

या बाबतीत २०१८ चा थिंकपॅड टी४८० अजूनही आठवला जातो. त्यात एक २४ वॉट-अवरची बॅटरी आत आणि दुसरी बाहेरून काढता येणारी असते. बाहेरची बॅटरी संपली की लॅपटॉप बंद न करता ती काढून दुसरी लावता येते. ७२ वॉट-अवरची बाहेरची बॅटरी घेतली तर एकूण क्षमता ९६ होते. आताच्या सडपातळ मॉडेलमध्ये ही सोय गेली.

त्याऐवजी यूएसबी-सी चार्जिंग आलं. ६५ वॉटचा कोणताही चांगला पीडी चार्जर चालतो, त्यामुळे चार्जर बिघडला म्हणून काम थांबत नाही. मोबाइलचा १८ वॉटचा चार्जर मात्र यासाठी पुरणार नाही.

पोर्ट : टेबलावर काय काय जोडायचं ते मोजा

प्रिंटर, ठसे घेणारं यंत्र, माउस आणि नमपॅड अशी चार यंत्रं झाली. त्यात फायबरच्या मोडेमची वायर सरळ जोडायची तर इथरनेट पोर्ट हवा. टी४८० मध्ये दोन साधे यूएसबी, दोन यूएसबी-सी, एचडीएमआय, इथरनेट आणि एसडी कार्डची खाच एवढं सगळं मिळतं. काही अति-सडपातळ लॅपटॉपमध्ये फक्त दोन यूएसबी-सी असतात. मग हब घ्यावा लागतो, आणि हबची वायर सैल झाली की ठसा घेताना यंत्र मध्येच गायब होतं.

'मिलिटरी ग्रेड' म्हणजे पडला तरी चालेल?

नाही. 'एमआयएल-एसटीडी-८१०' हे अमेरिकी लष्कराचं चाचण्यांचं मानक आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे लॅपटॉप बनवणारी कंपनी स्वतः निवडते. लष्कर प्रमाणपत्र देत नाही आणि पडून फुटल्यास साधी वॉरंटीही लागू होत नाही. बांधणी भक्कम असल्याची खूण म्हणून त्याकडे पाहा, त्यापुढे नको.

आपल्याकडचा खरा शत्रू ऊन आणि धूळ. अनेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि आपण सर्व्हरला शिव्या देतो. खाली हवेला जागा राहील असा साधा स्टँड आणि वर्षातून एकदा पंख्याची सफाई, एवढं केलं तरी फरक दिसतो. त्यासाठी मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडणारं हवं.

दुरुस्ती आणि वॉरंटी

विचारा : रॅम बोर्डाला चिकटवलेली आहे की बदलता येते? एसएसडी, बॅटरी, कीबोर्ड वेगळे मिळतात का? थिंकपॅड टी१४ च्या पाचव्या पिढीला २०२४ मध्ये आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक संकेतस्थळाने १० पैकी ९ गुण दिले, ते अशाच गोष्टींसाठी.

बिझनेस लॅपटॉपवर 'ऑन-साइट' वॉरंटी मिळते, म्हणजे तंत्रज्ञ तुमच्याकडे येतो. पण ती तुमच्या गावाला लागू आहे का, हे खरेदीआधी पिनकोड सांगून लेखी विचारा. नाहीतर लॅपटॉप घेऊन बीड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागेल.

सेकंडहँड घेतला तर?

नवा बिझनेस लॅपटॉप अनेकांच्या आवाक्यात नसतो. कंपन्यांनी वापरून काढलेले 'रिफर्बिश्ड' लॅपटॉप हा चांगला पर्याय आहे, पण तीन गोष्टी तपासूनच.

पहिली, पिढी. नुसतं 'आय५' ऐकून घेऊ नका. आय५-८२५० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या जवळपास सर्व सातव्या आणि त्याआधीच्या पिढ्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. लोकांची आधार आणि बँकेची कागदपत्रं हाताळणाऱ्या मशीनवर सुरक्षा अपडेट नसणं परवडणारं नाही.

दुसरी, बॅटरी. विक्रेत्याला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. मूळ क्षमता ५० वॉट-अवर आणि आताची ३८ असेल, तर बॅटरी ७६ टक्के उरली आहे. ६० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

तिसरी, कुलूप. आधीच्या कंपनीचा बायोस पासवर्ड राहिला असेल तर तो काढणं फार अवघड. समोर रीस्टार्ट करून बायोस उघडून दाखवायला सांगा. जीएसटीचं बिलही घ्याच.

एवढा विचार खरंच परवडतो का?

हिशोब करून पाहू. 'एक रुपयात पीक विमा' योजना २०२३ च्या खरिपापासून सुरू झाली, तेव्हा केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळत. तो दर धरला आणि एका अर्जाला १२ मिनिटं लागली, तर १० तासांत ५० अर्ज होतात. अडखळणारा कीबोर्ड, सतत सुटणारी वायर आणि तापलेला प्रोसेसर यांत प्रत्येकी तीन मिनिटं जास्त गेली, तर ४० अर्ज. फरक दिवसाला ४०० रुपयांचा, आणि रांगेतून परत गेलेल्या दहा माणसांचा.

सर्व्हरच डाउन असेल, तर दोन लाखांचा लॅपटॉपही काही करू शकत नाही, हेही खरं. पण सर्व्हर आपल्या हातात नाही. लॅपटॉप निवडणं आपल्या हातात आहे.

दुकानात दहा मिनिटं : ही चाचणी करा

• एका हाताने झाकण उघडा. बिजागरी करकरते का, स्क्रीन डुगडुगते का ते पाहा.
• 'चौसाळा, येळंबघाट, ता. जि. बीड' ही ओळ तीनदा टाइप करा.
• बारा आकडी संख्या पाचदा न पाहता टाका.
• लॅपटॉप दुकानाच्या दारात न्या आणि उजेडात स्क्रीन वाचा. मग उभं राहून बाजूने वाचा.
• सोबत पेन ड्राइव्ह न्या आणि प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये लावून हलवून पाहा.
• दहा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. तळहात टेकतो ती जागा तापते का, पंखा किती ओरडतो?
• रॅम, बॅटरी आणि गावात मिळणारी वॉरंटी हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं बिलावर लिहून घ्या.

दुकानदार घाई करत असेल, तर थांबा. दहा मिनिटांत ज्या मशीनवर हात बसत नाही, त्यावर जुलैअखेरची रांग निभावणं कठीण आहे.