उशिरां पिकलेला आवाज

रॉक संगीत हा तरुणांचा प्रांत मानला जातो. विशींत गाजावें आणि पुढें जुन्या गाण्यांवर निर्वाह करावा, असा तेथील सामान्य क्रम. कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें १९३४ सालीं जन्मलेल्या लेनर्ड कोहेन यानें हा क्रम जवळजवळ उलटा करून दाखविला. त्याचा पहिला काव्यसंग्रह १९५६ सालीं निघाला. पुढें दोन कादंबऱ्या झाल्या. वाहवा झाली, पण पोट भरेना. तेव्हां १९६७ सालीं, वयाच्या ३३ व्या वर्षीं, त्यानें स्वतःच्या गीतांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली.

गळा तयारीचा नव्हता. स्वरांचा पल्ला बेताचा, चाली साध्या. शब्द मात्र कवीनें तोलून घेतलेले. ‘हॅलेलुया’, म्हणजे हिब्रू भाषेंत ‘ईश्वराची स्तुति करा’, हें गीत पुरें व्हावयास कित्येक वर्षें लागलीं, आणि त्यासाठीं लिहिलेलीं पुष्कळ कडवीं त्यानें टाकून दिलीं. १९८४ सालीं तें ज्या संग्रहांत आलें, तो अमेरिकेंत काढण्यास त्याच्याच कंपनीनें नकार दिला! पुढें १९९१ सालीं जॉन केल आणि १९९४ सालीं जेफ बक्ली ह्यांनीं तें गाइलें, तेव्हां कोठें तें जगाच्या कानीं पडलें. दरम्यान, १९८८ च्या संग्रहांत, कोहेनचा स्वतःचा आवाज पुष्कळ खालीं उतरला होता. त्याच्या शब्दांना शोभणारा गळा त्यास खरोखर पन्नाशीनंतर लाभला.

१९९४ पासून सुमारें पांच वर्षें तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डी येथील झेन मठांत राहिला. १९९९ सालीं तो मुंबईस आला, तो रमेश बाळसेकर ह्यांचीं प्रवचनें ऐकण्यासाठीं. बाळसेकर हे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त वरिष्ठ अधिकारी. निसर्गदत्त महाराजांचें मराठी निरूपण ते इंग्रजींत सांगत. ह्या काळांत आपली जुनी उदासीनता हळूहळू ओसरली, असें कोहेन सांगे.

मन निवलें, पण तिजोरी रिती झाली. म्हातारपणासाठीं ठेवलेली बहुतेक पुंजी व्यवहार पाहणाऱ्याच्या हातून नाहींशी झाल्याचें २००४ च्या सुमारास उघडकीस आलें. २००६ सालीं न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूनें लागला; परंतु निकाल लागला म्हणजे पैसा हातीं पडतोच असें नाहीं. अखेर मे २००८ मध्यें, ७३ व्या वर्षीं, पंधरा वर्षांच्या खंडानंतर तो फ्रेडरिक्टन ह्या लहानशा कॅनेडियन शहरीं पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. गरजेपोटीं आरंभिलेला हा दौरा २०१० पर्यंत चालला. अंगांत सूट, डोक्यावर टोपी. तीन-तीन तास गाणें. मधूनच गुडघे टेकून, डोळे मिटून एखादी ओळ म्हणणें. एवढा मोठा श्रोतृवर्ग त्यास तरुणपणीं कधीं लाभला नव्हता. शेवटची मैफल डिसेंबर २०१३ मध्यें न्यूझीलंडांतील ऑकलंड येथें झाली, तेव्हां तो ७९ वर्षांचा होता.

अखेरचा संग्रह त्यानें विकलांग अवस्थेंत, घरींच खुर्चींत बसून गाइला. ध्वनिमुद्रणाची व्यवस्था मुलगा ॲडम पाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं तो प्रसिद्ध झाला आणि ७ नोव्हेंबरला कोहेन निवर्तला. त्यांतील शीर्षकगीतास मॉन्ट्रियलच्या एका सिनेगॉगांतील गायकवृंदाची साथ आहे. कोहेनचा आजा व पणजा दोघेहि त्या प्रार्थनामंदिराचे अध्यक्ष होऊन गेले होते.