मध्यबिंदूवरून अज्ञात अंत्यबिंदूचा शोध

बोलींच्या जुन्या पाहणीतील एखाद्या स्थळाचे नाव पुसट झालेले असावे, परंतु दुसरे स्थळ व दोहोंचा मध्य एवढे शिल्लक असावे, असा प्रसंग संभवतो. अशा वेळी भाषाभ्यासकास भूमितीचा आश्रय घ्यावा लागतो.

मध्यबिंदूचा प्रत्येक निर्देशक हा दोन्ही टोकांच्या निर्देशकांच्या बेरजेचा निम्मा असतो. म्हणून मध्याच्या निर्देशकाची दुप्पट करून तीतून ज्ञात टोकाचा निर्देशक वजा केला, की अज्ञात टोक मिळते. ज्ञात टोक व मध्य यांचीच पुन्हा सरासरी काढणे ही नेहमीची चूक होय. तीमुळे रेषाखंडाचा केवळ चतुर्थांश हाती लागतो.

अलिबाग स्थूलमानाने १८°३८′ उत्तर, ७२°५२′ पूर्व येथे आहे. मध्य १८°२९′, ७२°५५′ असल्यास दुसरे टोक १८°२०′, ७२°५८′ येते. ते मुरूड होय. एवढ्या अल्प अंतरात पृथ्वीची वक्रता उपेक्षणीय ठरते.

मात्र मध्यातील चूक टोकाशी दुप्पट होते. मध्याचा अक्षांश १′ ने चुकल्यास टोक २′, म्हणजे सुमारे ३.७ किलोमीटर सरकते. रायगडच्या किनाऱ्यावर हे अंतर थोडे नव्हे. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंड्यात मराठी, तर खाडीपलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजोद्भव मिश्रभाषा बोलली जाते. टोकाने काठ बदलला, तर एका भाषेची नोंद दुसरीच्या नावे जमा होईल. यास्तव गणिताने मिळालेले स्थळ हा निष्कर्ष न मानता प्रत्यक्ष पडताळणीचा आरंभ मानणे इष्ट होय.